दाबून ठेवलेलं पान

शंतनू सेलूकरनं बनवलेली वेबसाइट उघडायला वेळ लागतो, असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. निदान शंतनूचं तसं मत होतं. वेबसाइट जिथं ठेवलेल्या असतात ते सर्व्हर सांभाळणं हा त्याचा धंदा. परदेशातल्या एका कंपनीचे सर्व्हर तो पडेगावातल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून सांभाळायचा. कंपनीतल्या माणसांना तो कधी भेटला नव्हता. त्यांनीही त्याला व्हिडिओ कॉलवरच्या काडेपेटीएवढ्या चौकोनात पाहिलेलं, आणि तोही चौकोन बहुतेक वेळा काळाच असायचा.

फ्लॅट 'गोदासागर रेसिडेन्सी' नावाच्या तीन इमारतींच्या सोसायटीत होता. नावात गोदा होती, सागर होता, नळात दोन्ही नव्हते. शहर त्या बाजूला असं वाढत होतं की सकाळी खिडकी उघडावी तर समोरच्या इमारतीला कालच्यापेक्षा एक मजला जास्त. माणसं येत होती, दुकानं येत होती, एटीएम आलं होतं. पाणी मात्र जायकवाडीहून निघायचं आणि वाटेत कुठंतरी उतरून जायचं. त्यात आदल्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. त्या उन्हाळ्यात नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना दिवाळीसारखे शुभेच्छांचे मेसेज पाठवायला लागले.

ह्या सोसायटीत राहायला येऊन शंतनूला बरीच वर्षं झाली होती, पण त्याला ओळखत असेल तर ती फक्त लिफ्ट. त्याची बायको मनस्विनी बँकेत होती. तिची पुण्याला बदली झाली, मुलीचं, ओवीचं, कॉलेजही तिथंच ठरलं आणि दोघी गेल्या. शंतनूचं काम कुठूनही होण्यासारखं. पण 'तूही चल' असं मनस्विनी म्हणाली नाही आणि 'मीही येतो' असं तो म्हणाला नाही. समोरचा आधी म्हणेल म्हणून दोघं थांबले, आणि थांबता थांबता सामानाचा टेंपो निघून गेला. आता रोज संध्याकाळी एक फोन यायचा.

"जेवलास?"

"हो. तू?"

"हो."

"ओवी?"

"अभ्यास करतेय."

"बरं."

संपलं. त्यानंतर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत शंतनूचा फोन कंपनीच्या संदेशांसाठी थरथरायचा तेवढाच. वाजायचा नाही.

सोसायटीला पाणी पुरवायचा कडूबा. मिटमिट्याच्या पलीकडं एका विहिरीवर त्याचे टँकर भरायचे. एके दिवशी टँकर किती भरला हे बघायला त्यानं वरचं झाकण उघडलं, आत वाकला, आणि शर्टाच्या खिशातला फोन सरळ पाण्यात गेला. त्यातलं सिम होतं मेव्हण्याच्या नावावर, आणि मेव्हण्याशी कडूबाचं बोलणं बंद. त्यामुळं जुना नंबर कायमचा बुडाला. कडूबानं नवा घेतला, पण तो कुणाला माहीत नव्हता. भर उन्हाळ्यात अख्खी सोसायटी बुडालेल्या फोनवर पाणी मागत बसली.

शेवटी अध्यक्ष आप्पासाहेबांनी मीटिंग बोलावली. शंतनू आयुष्यात पहिल्यांदा मीटिंगला गेला, कारण त्याची त्या दिवशी अंघोळ झाली नव्हती आणि घरात बसून तरी काय करणार.

"मी वेबसाइट करून देतो," तो म्हणाला. "टँकरच्या वेळा आणि कडूबाचा नवा नंबर. एका जागी."

आप्पासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाण्याचं काहीही व्हायचं म्हटलं की त्यांचा आधी विश्वास बसत नसे. "शंतनूराव, इथं रेंजची बोंब. तुमची वेबसाइट उघडेपर्यंत टँकर रिकामा होऊन परत जाईल."

"माझी उघडेल. पापणी लवायच्या आत."

"ती कशी काय?"

शंतनूला आपल्या कामाबद्दल कुणी काही विचारलं, ह्याला काळ लोटला होता. तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला. "माझे वडील वैजापूरला जिनिंगमध्ये कारकून होते. मोकळा कापूस ट्रकमध्ये भरला तर ट्रक भरतो पण माल जात नाही. म्हणून तो दाबून त्याची गाठ बांधतात. मी पानांचं तेच करतो. सर्व्हरवर एक मोकळं पान, आणि शेजारी त्याचीच दाबलेली गाठ. कुणाचा फोन पान मागायला आला की सर्व्हर गाठ उचलून देतो. गाठ लहान, म्हणून चटकन पोचते. पुढं फोन ती आपली आपण सोडून घेतो."

"आणि दर वेळी दाबत बसायचं?"

"छे, छे. आधीच दाबून ठेवायचं. एकदा दाबलं की काम झालं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना शंतनूला लिफ्टच्या आरशात बघावंसं वाटलं.

त्यानं त्याच दिवशी पान तयार केलं. वर टँकरच्या वेळा, खाली भलं मोठं हिरवं बटण, 'पाण्यासाठी फोन करा'. कडूबाचा नंबर आप्पासाहेबांकडून अजून यायचा होता, म्हणून बटणामागं तात्पुरता स्वतःचाच घातला. पान दाबलं, गाठ बांधली, दोन्ही सर्व्हरवर ठेवली. मग आपल्या फोनवर पान उघडून बटण दाबलं. पलीकडून बाई म्हणाली की आपण ज्यांना फोन केला ते व्यस्त आहेत. म्हणजे बटण चालत होतं. शिवाय आपण व्यस्त आहोत हे ऐकून त्याला बरंही वाटलं.

थोड्या वेळानं कडूबाचा नंबर आला. शंतनूनं पानात तो घातला, पान जतन केलं आणि तपासलं. सर्व्हर सांभाळणारी माणसं तपासायला ब्राउझर उघडत नाहीत, तो त्यांना पोरखेळ वाटतो. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की सर्व्हर पानाचा सगळा मजकूर समोर टाकतो. शंतनूनं ओळ टाइप केली. कडूबाचा नंबर आला. त्यानं आप्पासाहेबांना पत्ता पाठवला आणि चहा टाकला.

सकाळी फोन वाजला.

"टँकर का?"

"राँग नंबर."

परत वाजला. परत टँकर. तिसऱ्या माणसाला शंतनूनं विचारलं, "हा नंबर कुठून मिळाला तुम्हाला?"

"वेबसाइटवरनं. पण लई झटकन उघडती हो ती. कुणी केलीय?"

शंतनूला राग येण्याच्या आत आनंद झाला. त्यानं काळा पडदा उघडला आणि ओळ टाइप केली. पानात कडूबाचाच नंबर होता. मग स्वतःच्या फोनवर पान उघडलं, तर तिथं त्याचाच. तेव्हा त्यानं निदान केलं. फोन एकदा उघडलेलं पान साठवून ठेवतात आणि पुढं तेच दाखवतात. आपण काल उघडलं होतं, आपल्याकडं ते साठलं. लोकांनीही कालच घाईनं उघडलं असणार. पत्ता आपण नंबर बदलल्यावरच पाठवला होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्यानं आप्पासाहेबांना कळवलं की सगळ्यांना फोनमधलं साठलेलं पुसायला सांगा.

दुपारी आप्पासाहेब बायकोच्या फोनवरून बोलले. "शंतनूराव, पुसलं हो. आता माझा फोन मलाच माझं नाव विचारतोय."

"सगळंच पुसलंत का?"

"तुम्ही म्हणालात साठलेलं पुसा. बारा वर्षांचं साठलेलं होतं. पण तुमचं पान छान उघडतंय, नंबर मात्र तुमचाच येतोय."

आप्पासाहेबांनी भलतंच काहीतरी पुसलं असणार, असं शंतनूनं मनाशी ठरवलं. त्याच्या पडद्यावर नंबर बरोबर होता. सर्व्हर खोटं बोलत नाही, माणसं बोलतात.

त्यानं लोकांना कडूबाचा नंबर तोंडी सांगून पाहिला. पण लोक फोन करतात तेव्हा त्यांच्या एका हातात बादली असते. 'थांबा, पेन आणते' म्हणून गेलेल्या बाई परतायच्या नाहीत, आणि थोड्या वेळानं पुन्हा हिरवं बटण दाबायच्या. दोन-तीन दिवसांत शंतनूनं नाद सोडला. फोन आला की कुणाला, कुठं, किती पाणी हवं ते ऐकायचं आणि कडूबाला मेसेजनं कळवायचं. काम एवढंच तर होतं.

तेवढंच राहिलं नाही. आप्पासाहेबांनी आपल्या सोसायटीची प्रगती म्हणून तो पत्ता आजूबाजूच्या सगळ्या सोसायट्यांना पाठवला. पान पापणी लवायच्या आत उघडत होतं, त्यामुळं अख्खं पडेगाव शंतनूकडं पाणी मागायला लागलं. एकदा कंपनीच्या मीटिंगमध्ये काळ्या चौकोनातून त्याचा आवाज सगळ्या खंडांत गेला, "ताई, पाइप लांब आहे का तुमच्याकडं?"

पण खरी गोष्ट निराळीच होती. शंतनूला हे आवडायला लागलं होतं.

सकाळी तो दाढी करून फोनजवळ बसायचा. कुणाकडं पाहुणे आलेत, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणी धुणं पुढच्या शुक्रवारवर ढकललंय, त्याला सगळं कळायचं. मोनिका नावाची एक पार्लरवाली होती. तिच्याकडं बायका डोक्याला मेंदी थापून बसायच्या आणि ती धुवायला पाणी नसायचं. ती रोज भांडायची. आणि रोज फोन यायचा तो कालिंदीबाईंचा. ए विंगमधल्या ह्या म्हाताऱ्या बाई. मुलगा बिडकीनच्या कारखान्यात, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा.

"टँकरवाले, आज येणार ना?"

"निघालाय आजी."

"तुमचा आवाज बसलाय. उन्हात फिरता ना सारखे. कांदा ठेवत जा खिशात."

"ठेवतो."

"टँकरात सावली असते का हो?"

"असते थोडी."

"जेवलात?"

शंतनू म्हणाला, नाही अजून. मग बाईंनी त्याला पिठलं कसं करायचं ते सांगितलं. पाणी कमी लागेल असं. त्यानं ते खरंच करून पाहिलं, गुठळ्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं तसं सांगितलं तर बाई फोनवर हसत सुटल्या. आपण टँकरवाले नाही हे सांगायचं त्याच्या मनात अनेकदा यायचं. पण मग काय सांगणार होता? मी सी विंगमधला शंतनू सेलूकर. तो कोण, असं त्यांनी विचारलं असतं.

इकडं मनस्विनी पुण्याहून फोन लावायची आणि फोन व्यस्त असायचा. आधी तिला वाटलं कंपनीचं काम असेल. पण कंपनी फोन करत नाही हे तिला माहीत होतं. संध्याकाळी कधी लागलाच तर शंतनूचा आवाज ताजातवाना. एकदा तर त्यानं आपणहून विचारलं, "पिठल्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून तू काय करतेस गं?" लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसानं पिठल्याची चौकशी केली नव्हती.

शनिवारी ती न कळवता बसमध्ये बसली.

ती आली तेव्हा शंतनू न्हाणीघरात अर्ध्या बादलीत अंघोळ बसवायच्या खटपटीत होता. दार उघडंच होतं. टेबलावर फोन वाजत होता. मनस्विनीनं उचलला.

"काय हो, काल येतो येतो म्हणालात आणि आलाच नाहीत," पलीकडून एक बाई म्हणाली. "मी सगळी तयारी करून बसले होते."

"कोण बोलतंय?"

"मोनिका. तुम्ही कोण?"

"मी त्यांची बायको."

"बरं झालं वहिनी, तुम्हीच भेटलात. तुम्हीच सांगा त्यांना. असं अधूनमधून येऊन कसं चालेल? दिवसाआड तरी यायला पाहिजे की नाही? आणि मी एकटीच नाही, सगळ्या बायका चिडल्यात त्यांच्यावर."

मनस्विनी खुर्चीत बसली. शंतनू टॉवेल गुंडाळून बाहेर आला तो तिला बघून दारातच थांबला.

"मोनिकाचा फोन होता," ती म्हणाली.

"हो का? काय म्हणाली, मोठा पाठवायचा की छोटा?"

ह्याला मनस्विनी काय म्हणाली असती ते समजायला मार्ग नाही, कारण तेवढ्यात उघड्या दारातून कडूबा आत आला. पायात धुळीच्या चपला, खांद्यावर पंचा, चेहरा तापलेला. त्यानं मनस्विनीकडं बघून हात जोडले आणि शंतनूकडं बघून ते सोडले.

"साहेब, मी गरीब मानूस, पण येडा नाय. तुम्ही माझी समदी गिऱ्हाइकं पळवली."

"गिऱ्हाइकं?" मनस्विनी म्हणाली.

"व्हय वहिनी. वेबसाइट निघाल्यापून माझा फोन मेल्यावानी पडलाय. दुष्काळात टँकरवाल्याचा फोन वाजंना म्हंजी लगीनघरात ताशा वाजंना. टँकर माझा, डिझेल माझं, इहीर माझी, अन् गावभर नाव कुणाचं? तर सेलूकरांचं. परवा एका बाईच्या दारात पानी घिऊन गेलो तर मलाच म्हनली, तू कोन रे? आमचे टँकरवाले लई गोड बोलत्यात. आज फोन घेतलाय, उद्या हे टँकर घेत्याल. मंग मी काय करू?"

"हे पाण्याचं चाललंय?" मनस्विनीनं विचारलं.

"पान्याचंच की. दुसरं काय ऱ्हातंय ह्या साली?"

मनस्विनीनं शंतनूकडं पाहिलं. टॉवेल, ओले केस, खोलीभर पसरलेले कपडे, सिंकमध्ये पिठल्याची जळलेली कढई. तिनं सुस्कारा टाकला. "कुणी असती तर निदान घर तरी आवरलेलं असतं," ती म्हणाली. तो सुस्कारा सुटकेचा होता की कसला, हे शंतनूला नीट कळलं नाही.

त्यानं शर्ट चढवला, कडूबाला बसवलं आणि लॅपटॉप समोर ओढला. "हे बघा, पानात तुमचाच नंबर आहे. लोकांच्या फोनमध्ये जुनं साठलंय, त्याला मी काय करू?" त्यानं काळ्या पडद्यावर ओळ टाइप केली. कडूबानं आपला नंबर आकडा आकडा लावून वाचला. बरोबर होता.

"पत्ता पाठव मला," मनस्विनी म्हणाली. तिनं आपल्या फोनवर पान उघडलं आणि फोन त्याच्यापुढं धरला. "हा तुझा नंबर आहे."

"साठलेलं असेल."

"अरे, मी हे पान आयुष्यात पहिल्यांदा उघडतेय. माझ्या फोनमध्ये कुठून साठेल?"

शंतनूनं तिच्या फोनकडं पाहिलं, मग पडद्याकडं, मग पुन्हा फोनकडं. पान तेच, पत्ता तोच, नंबर दोन. त्याचे कान हळूहळू तापायला लागले.

"काय झालं?" मनस्विनीनं विचारलं.

"कापूस नवा भरला," तो म्हणाला. "गाठ जुनीच राहिली."

कडूबाला वाटलं साहेबांना ऊन लागलं. शंतनूनं सांगितलं ते असं. त्यानं नंबर बदलला तो मोकळ्या पानात. पण दाबलेली गाठ त्याच्या आधी बांधून झाली होती, आणि ती परत बांधायची राहिली. सर्व्हर गाठ सोडून बघत नाही आत काय आहे. शेजारी गाठ दिसली की उचलून देतो, मग ती शिळी असो की ताजी. सगळ्यांचे फोन गाठ मागत होते, सगळ्यांना जुना नंबर जात होता. शंतनू मात्र काळ्या पडद्यावरून मोकळंच पान मागायचा, म्हणून त्याला नवा दिसायचा.

"म्हणजे अख्ख्या जगात बरोबर नंबर एकाच माणसाला दिसत होता," मनस्विनी म्हणाली.

"हो."

"ज्याला फोन करायचा नव्हता त्याला."

शंतनूनं मान हलवली. कंपनीत नव्या मुलांना तो दर वर्षी हेच शिकवायचा, की पान बदललं तर गाठही बदला. त्यावर त्याचं एक व्याख्यान होतं, चित्रांसकट.

"मंग आता दाबा की नवी गाठ," कडूबा म्हणाला. "का बामनाकडनं मुहूर्त काढायचाय?"

शंतनूनं आज्ञा टाइप केली. शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. त्याचं बोट त्यावर आलं आणि तिथंच थांबलं. कडूबा त्या बोटाकडं बघत होता. मनस्विनीही.

फोन वाजला. शंतनूनं डाव्या हातानं उचलला.

"हो आजी. नाही, आवाज बरा आहे आता. कांदा ठेवला ना खिशात. हो, निघालाय. तुम्ही भर उन्हात खाली उतरू नका, तो आला की मी सांगतो. मुलगा आला का वेळेवर काल? बरं. पिठलं परत केलं, लागलं खाली. हो. हो. ठेवू?"

त्यानं फोन ठेवला.

"माझ्याशी असं बोलला नाहीस कधी," मनस्विनी म्हणाली. रागानं नाही. कुतूहलानं म्हणावं तसं.

शंतनूनं विचार केला. "तू काही मागत नाहीस," तो म्हणाला.

तिनं खाली बघितलं. मग म्हणाली, "काम तर तुझं कुठूनही होतं ना?"

"होतं."

"मग?"

कडूबा खाकरला. नवरा-बायकोच्या मध्ये बसायची त्याची ही पहिलीच वेळ नसावी, पण टँकर खाली उभा होता. "साहेब, ते बटन," तो हळूच म्हणाला.

शंतनूनं बटण दाबलं. गाठ नवी झाली. काही झाल्याचं दिसलं नाही, आवाज झाला नाही. कडूबा शर्टाच्या खिशावर हात ठेवून बसून राहिला. मग तो खिसा वाजला. कडूबाचा चेहरा लेकीचं लग्न ठरल्यासारखा उजळला. "हॅलो, व्हय, व्हय, कडूबाच बोलतोय," असं ओरडत तो जिना उतरला. खालपर्यंत त्याचा आवाज येत राहिला. एक फोन संपला की दुसरा सुरू.

टेबलावरचा शंतनूचा फोन पुन्हा वाजला नाही.

रविवारी तो मनस्विनीला स्टँडवर सोडायला गेला. त्यांनी घर आवरलं होतं, कढई घासली होती, फारसं बोलले नव्हते. बस लागली तेव्हा तो म्हणाला, "जूनमध्ये येतो तिकडं. राहायलाच. ओवीला सांग."

"जून येऊ तर दे," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. मराठवाड्यात जूनचं नाव घेऊन कुणी शब्द देऊ नये. पण बस निघाली तेव्हा तिनं खिडकीतून हात केला. जाताना हात करायचा रिवाज त्यांच्यात कधीचा मोडला होता.

पुढचे दिवस फार शांत गेले. फोन चार्जिंगला लावायचीही गरज पडेना. शंतनू सवयीनं दाढी करून बसायचा आणि दुपारी लक्षात यायचं की आज कुणाकडं पाहुणे आले, कुणाचं धुणं राहिलं, आपल्याला काहीच माहीत नाही. कडूबाला फोन करून कालिंदीबाईंना पाणी पोचलं का विचारावं, असं त्याला वाटलं. कडूबाचा फोन कधी मोकळा मिळाला नाही.

मग एके दिवशी सकाळीच लाइट गेली. टँकर आला, पण मोटर चालेना आणि पाणी वरच्या टाकीत चढेना. टँकर गेटाशी उभा राहिला आणि तीन इमारतींमधून माणसं बादल्या, कळशा, ड्रम घेऊन खाली आली. शंतनूही बादली घेऊन उतरला.

एवढी माणसं आपल्या आजूबाजूला राहतात हे त्यानं पहिल्यांदा पाहिलं. एकही चेहरा त्याच्या ओळखीचा नव्हता. आवाज मात्र सगळे होते. पुढं भांडणारी बुटकी बाई मोनिका, ती आवाजावरून उंचीपुरी असेल असं त्याला वाटलेलं. त्या ड्रमवाल्याच्या सुनेला दिवस गेलेत. आणि टँकरच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून काठीनं रांग लावणारी पांढऱ्या केसांची बाई कोण, हे सांगायची गरज नव्हती. शंतनू गर्दीत बराच वेळ नुसता ऐकत उभा राहिला. ऐकता ऐकता लोटला जाऊन कधी पुढं पोचला ते त्याला कळलंच नाही.

"ताई, जरा पाइप इकडं येऊ द्या," तो मोनिकाला म्हणाला.

खुर्चीतली काठी थांबली. "थांबा," कालिंदीबाई म्हणाल्या. "हा आवाज आपल्या टँकरवाल्यांचा."

माणसं वळली. मोनिकानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही होय? कुठं होतात इतके दिवस? आता दुसराच कुणीतरी फोन उचलतो. येतो म्हणतो आणि ठेवून देतो. धड चार शब्द बोलत नाही."

"नोकरी सोडलीत का?" ड्रमवाल्यानं विचारलं.

शंतनूनं तोंड उघडलं. पान, गाठ, मोकळा कापूस, सर्व्हर, सगळं एकदम जिभेवर आलं. त्यानं समोरच्या बादल्यांकडं पाहिलं आणि ते गिळलं.

"हो," तो म्हणाला. "सोडली."

"काढून टाकलं असणार," मोनिका म्हणाली. "मी तेव्हाच म्हणत होते, ह्यांना वेळ पाळता येत नाही."

कालिंदीबाईंनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. "वाळलात हो तुम्ही. जेवत नाही वाटतं नीट," त्या म्हणाल्या. मग काठीनं त्याची बादली बाजूला सारली. "पण आता टँकर तुमचा नाही ना? मग असं मध्ये घुसायचं नाही. मागं जा, लायनीत."

शंतनूनं बादली उचलली आणि मागं गेला. लाइन गेटाबाहेर, पार रस्त्यापर्यंत गेली होती. त्याची काही तक्रार नव्हती.